पाच पूर्णांक बासष्ट

मोटारसायकलचा पुढचा ब्रेक ओरडतो, ही गोष्ट घरातल्या तिघांपैकी दोघींना ऐकू आली, तेव्हाच खरे तर प्रकरण मिटायला हवे होते. मिस्त्रीकडे जायचे, पॅड बदलायचे आणि चहाच्या वेळेपर्यंत परत यायचे. पण तिसरे मापसाहेब होते.

मापसाहेब हे त्यांचे नाव नव्हे. ती सगळ्या इमारतीने त्यांना बहाल केलेली पदवी. वजनमापे तपासणीच्या कार्यालयात बावीस वर्षे दुकानदारांचे तराजू तपासता तपासता त्यांनी एक तत्त्वज्ञान कमावले होते, आणि ते फार मोठे नसल्यामुळे नेहमी जवळ बाळगता येत असे: जे मोजले गेले नाही, ते अजून घडलेले नाही.

"अहो, ओरडतोय तो," बायको म्हणाली. "तुम्ही कोपऱ्यावर वळता ना, मला गॅलरीत ऐकू येतं. करपलेलं भांडं खरवडल्यासारखं."

"खरवडल्यासारखं म्हणजे किती?"

"किती काय? खरवडल्यासारखं!"

"तेच तर. आवाज हे काही माप नव्हे."

तरीही रविवारी सकाळी, केवळ घरातली शांतता टिकावी म्हणून, त्यांनी मखमली अस्तराच्या पेटीतून आपला व्हर्निअर काढला आणि इमारतीच्या तळमजल्यावर गाडीपुढे बैठक मारली. हा व्हर्निअर म्हणजे मापसाहेबांच्या आयुष्यातली एकमेव अशी वस्तू, जिच्याशी त्यांचे कधीही मतभेद झाले नव्हते. केसाची जाडी सांगणाऱ्या त्या पोलादी जबड्यांत काहीही धरले की जगातली सगळी धूसरता एका आकड्यात गोठून जाई, आणि त्यांना असे शांत वाटे की जणू कोणीतरी आत दिवा लावला आहे.

दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनचालक काका खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसले.

"ब्रेकचं मला सांगू नका, मापसाहेब. एकतीस वर्षं आगगाडी थांबवलीय मी. ब्रेक हातात नसतो, मनात असतो. थांबायचं हे दीड किलोमीटर आधी ठरवावं लागतं."

"काका, ही मोटारसायकल आहे."

"म्हणून तर म्हणतोय! हिला रूळसुद्धा नाहीत."

दोन स्क्रू, एक पिन आणि पाऊण तास एवढ्या खर्चानंतर बाहेरच्या बाजूचा पॅड हातात आला. आतल्या बाजूला आणखी एक पॅड असतो. पण तो काढायला चाक उतरवावे लागेल असे काकांनी ठणकावून सांगितले. ते खोटे होते, पण आगगाडीच्या बाबतीत कदाचित खरे असेल. मापसाहेबांनी विचार केला, जुळ्या भावांपैकी एकाची उंची मोजली की दुसऱ्याची समजतेच. त्यांनी बाहेरचा पॅड जबड्यांत धरला, श्वास रोखला, आणि वाचले: पाच पूर्णांक बासष्ट शतांश मिलिमीटर.

गाडीच्या माहितीपुस्तकात स्पष्ट छापले होते की घासणाऱ्या थराची जाडी दीड मिलिमीटरच्या खाली गेली की पॅड बदलावा. मापसाहेबांची नजर मात्र शब्दांवर कधी रेंगाळत नसे. उन्हात तापलेला माणूस जसा सावलीकडे जातो तशी ती थेट आकड्याकडे गेली. दीड. आपल्याकडे साडेपाचांच्या वर. तिपटीहून अधिक. त्यांनी मान वर करून गॅलरीकडे पाहिले. तिथे बायको कपडे वाळत घालत होती. ते काही बोलले नाहीत. विजयी माणसाने बोलू नये, असे त्यांचे मत होते.

मात्र लिहायला हरकत नव्हती. स्वतःचे वाहन वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांनी दर तीन महिन्यांनी वाहन-सुस्थिती दाखला सादर करावा, असे कार्यालयाचे परिपत्रक होते, आणि त्यावर सही करायला कार्यालयात एकच सक्षम तपासनीस होता. मापसाहेबांनी डावीकडे अर्जदार म्हणून सही केली, मग पेनाला टोपण लावले, काढले, आणि उजवीकडे तपासनीस म्हणून सही केली. दोन भूमिकांत काही अंतर असावे, एवढी नीतिमत्ता त्यांच्यात होती. वर गोल शिक्का मारला. एक प्रत कार्यालयात गेली, दुसरी प्लॅस्टिकच्या वेष्टनात घालून गाडीच्या सीटखाली.

पुढचे तीन आठवडे ब्रेक ओरडत राहिला आणि मापसाहेब गाडीवर बसून शांतपणे कार्यालयात जात राहिले. मुलीने एकदा विचारले, "बाबा, लिव्हर जरा जास्तच आत जातंय का हो?" मापसाहेबांनी वर्तमानपत्रातून डोकेही वर काढले नाही. "पाच पूर्णांक बासष्ट," ते म्हणाले. त्या आकड्यापुढे घरात कोणाचेच काही चालत नसे. तो सोफ्यावर बसलेल्या वजनदार पाहुण्यासारखा झाला होता. त्याला उठवून कोणी आपली जागा मागत नव्हते.

मग तो मंगळवार आला.

त्या दिवशी दुपारी तीन वाजता मुलीची मुलाखत होती. गाव उंचावर, आणि पाणीपुरवठ्याची प्रयोगशाळा खाली नदीकाठी. मध्ये सात वळणांचा उतार. मापसाहेबांनी औदार्याने गाडी मुलीला दिली आणि स्वतः बसने कार्यालयात गेले. प्रयोगशाळेत मुलगी मोजमापे घेणार, या कल्पनेने त्यांना सकाळपासून भरून येत होते. घराण्यात अचूकता उतरत होती.

दुपारी दोनच्या सुमारास त्यांच्या टेबलापुढे एक खिळेवाला उभा होता. लोखंडी सामानाचा छोटा दुकानदार, अंगावर गंजाचा वास, हातात टोपी. त्याच्याविरुद्ध तक्रार होती की तो खिळे पत्र्याच्या डब्यासकट तोलतो.

"साहेब, डबा हलका असतो हो. हातात धरला तर कळतही नाही."

मापसाहेबांना याच वाक्याची प्रतीक्षा होती. असे वाक्य महिन्यातून एकदा तरी यायचे, आणि त्यावरचे त्यांचे उत्तर बावीस वर्षे घासून लख्ख झालेले होते. ते उभे राहिले. आजूबाजूच्या टेबलांवरची कामे थांबली.

"हलका असो की जड! गिऱ्हाईक खिळे विकत घेतं, पत्रा नव्हे. जी वस्तू झिजत नाही, खपत नाही, उपयोगी पडत नाही, ती मापात धरायची नसते. माल मोजा. मालामागचा पत्रा मोजू न..."

वाक्य तिथेच थांबले.

खिळेवाला वाट पाहत राहिला. पंखा फिरत होता. मापसाहेबांच्या डोळ्यांपुढे रविवारचा तो पॅड हळूहळू वळला, आणि त्याची पाठ दिसली: काळी, घट्ट, लोखंडी पट्टी, जिच्यावर घासणारा थर चिकटवलेला असतो. ती चाकाच्या डिस्कला कधीच लागत नाही. ती झिजत नाही. ती सहज साडेचार मिलिमीटर जाड असते. आणि त्यांनी तिला मोजले होते.

पाच पूर्णांक बासष्टमधून साडेचार. एक पूर्णांक बारा. तेही तीन आठवड्यांपूर्वी.

"साहेब, पाणी देऊ?" खिळेवाल्याने विचारले.

घड्याळात दोन वाजून नऊ मिनिटे झाली होती. मुलगी सव्वादोनला निघणार होती. मापसाहेबांनी घरी फोन लावला. पाच घंट्या वाजून गेल्या. अखेर बायकोने फोन उचलला.

"अगं, ती निघाली का?"

"खाली आहे. गॅलरीतून दिसतेय मला. हेल्मेट घालतेय. का हो?"

आता फक्त तीन शब्द हवे होते. माझं माप चुकलं. मराठीतले साधे, लहान मुलालाही येणारे शब्द. पण मापसाहेबांच्या तोंडून ते आजवर एकदाही बाहेर पडले नव्हते, आणि ज्या वाटेने कधी कोणी गेलेले नाही त्या वाटेवर गवत माजलेले असते. समोर खिळेवाला, डावीकडे आवक-जावक, उजवीकडे लेखा विभाग. सगळे कान टवकारलेले.

"तिला म्हणावं..."

"काय?"

"दाखल्यात एक किरकोळ दुरुस्ती... म्हणजे, तिला म्हणावं, सावकाश जा."

"ते मी केव्हाच सांगितलं!"

फोनमधून इंजिनचा आवाज आला. मग फाटकापाशी गाडी क्षणभर थबकली असावी, कारण एक लांब, कोरडी, लोखंडी किंकाळी उठली. तीन आठवडे गाडीवर बसूनही जे ऐकू आले नव्हते, ते तीन किलोमीटरवरून मापसाहेबांना स्वच्छ ऐकू आले. करपलेले भांडे खरवडल्यासारखे.

"थांबव तिला! अगं, थांबव!"

"गेली की," बायको म्हणाली. "काय झालंय? अहो?"

मुलीचा फोन बंद होता. गाडी सुरू करण्याआधी फोन बंद करून पिशवीत टाकायचा, ही शिस्त तिला तिच्या वडिलांनी लावली होती.

मापसाहेब दाराकडे धावले. पण दारापाशी हालचाल नोंदवही होती, आणि नोंदवहीमागे तिच्या संरक्षक मॅडम होत्या. नोंद केल्याशिवाय बाहेर जाता येत नसे. हा नियमही मापसाहेबांनीच सुचवलेला.

"कारण?" मॅडमनी पेन उघडले.

"मॅडम, घाई आहे. वैयक्तिक लिहा."

"वैयक्तिक असेल तर अर्धी रजा. तिचा अर्ज निराळा. साहेबांची सही लागेल, आणि साहेब जेवायला गेलेत."

"मग कार्यालयीन लिहा. सदोष मापाची तपासणी."

"कोणाचं माप?"

मापसाहेबांनी ओठ ओले केले. "माझं."

मॅडमनी ते सुवाच्य अक्षरात लिहिले; मग चष्म्यावरून पाहिले. "स्वतःच्या मापाची तपासणी स्वतःला करता येत नाही. दुसरा सक्षम तपासनीस पाठवावा लागतो."

"दुसरा आहेच कुठे?"

"तेच म्हणतेय मी. मग जाता येणार नाही."

त्या क्षणी, आयुष्यात प्रथमच, मापसाहेबांना एखादा नियम अंगावर आला म्हणजे बाहेरून कसा लागतो ते कळले. तेवढ्यात खिळेवाला पुढे झाला.

"मॅडम, माझ्या दुकानाची तपासणी लिहा की. डबेच डबे आहेत तिथं. साहेबांना मी घेऊन जातो. टेम्पो खालीच उभा आहे."

अशा रीतीने आरोपीच्या वाहनातून न्यायाधीश निघाले. ब्रेक, मुलगी, उतार, एवढेच मापसाहेबांनी चढताना खिळेवाल्याला सांगितले होते. मागे खिळ्यांचे चाळीस डबे एकमेकांवर आपटत होते. गावातले रस्ते दुपारच्या उन्हात पांढरे पडले होते, दुकानांची शटरे अर्धी खाली ओढलेली, आणि प्रत्येक चौकात कोणीतरी निवांतपणे रस्ता ओलांडत होते. इतके निवांत लोक या गावात राहतात, हे मापसाहेबांना आजवर कसे दिसले नव्हते?

"साहेब, एक विचारू?" खिळेवाला म्हणाला. "म्हणजे तुम्ही... डबा धरूनच मोजलंत?"

"समोर बघून चालवा."

"नाही, मी आपलं विचारलं."

"हो. डबा धरून."

"असं होय," खिळेवाला म्हणाला. त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, हे सर्वांत असह्य होते. "आणि मुलगी त्यावर विसंबून गेली."

मापसाहेबांची नजर टेम्पोच्या ब्रेकच्या पायपट्टीवर गेली. काही वेळाने त्यांनी विचारले, "तुमचे ब्रेक ठीक आहेत ना?"

"बायको म्हणाली आवाज येतोय, की त्याच दिवशी बदलतो आपण. तिच्या कानापुढे आपलं काय चालतंय?"

उतार सुरू होतो तिथे रस्तेखात्याची चौकी होती. आडव्या दांड्याजवळचा चौकीदार आळस देत उठला.

"एक मुलगी गेली का इथून?" मापसाहेबांनी खिडकीतून अर्धे बाहेर येत विचारले. "निळं हेल्मेट, मोटारसायकल."

"गेली की. दहा मिनिटं झाली असतील. मी थांबवलंसुद्धा होतं तिला. म्हटलं, ताई, पुढचं चाक रडतंय, पॅड संपलेत, उतरू नकोस."

"मग?"

"मग काय! तिनं सीटखालून कागद काढून दाखवला. सरकारी दाखला. गोल शिक्का, दोन-दोन सह्या." चौकीदाराने हात पसरले. "आपण शिकलेलो नाही, साहेब. शिक्क्यापुढं काय बोलणार? सोडली."

खिळेवाल्याने टेम्पो उतारावर घातला. पहिले वळण गेले. दुसरे गेले. एका बाजूला लाल मातीचा कडा, दुसऱ्या बाजूला गुडघाभर उंचीचा कठडा आणि त्यापलीकडे फक्त हवा. खाली खोल कुठेतरी नदी पत्र्याच्या कापलेल्या पट्टीसारखी पडलेली. मापसाहेब कठड्याचा प्रत्येक दगड पाहत होते. कुठे नवा ओरखडा, कुठे तुटलेली कड. मोजायची सवय अशी दुष्ट की भीतीतही ती थांबत नव्हती. एक पूर्णांक बारा. रोज सहा किलोमीटर. एकवीस दिवस. गणित सुटत होते, आणि प्रत्येक वेळी उत्तर शून्य येत होते.

चौथ्या वळणावर कठड्यावर निळे हेल्मेट होते. नुसते हेल्मेट.

टेम्पो थांबायच्या आत मापसाहेबांनी उडी मारली. ते पडले, पुन्हा उठले. त्यांनी मुलीला हाक मारली, आणि ती हाक कशी होती ते खिळेवाल्याने नंतर कोणालाही सांगितले नाही. हेल्मेटपलीकडे वाकून त्यांनी खाली पाहिले. खाली काहीच दिसत नव्हते.

"बाबा, पडाल तुम्ही! मागे व्हा!"

आवाज पाठीमागून आला. रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला, मातीच्या उंचवट्यात पुढचे चाक रुतवून गाडी तिरकी उभी होती, आणि तिच्यामागे उकिडवी बसून मुलगी विखुरलेली प्रमाणपत्रे गोळा करत होती. कोपर खरचटले होते. एका गालावर माती होती.

"लागलं का गं? कुठं लागलं?"

"लिव्हर मुठीला टेकलं, बाबा. काहीच धरेना. मग दुसरा गिअर, पहिला गिअर, मागचा ब्रेक. तरी वळणावर वेग राहिलाच. म्हटलं दरीपेक्षा माती बरी. हेल्मेट तिकडं कठड्यावर ठेवलं, येणाऱ्या गाडीला दिसावं म्हणून." ती हे फार व्यवस्थित सांगत होती, फक्त एकच कागद पुन्हा पुन्हा सरळ करत होती. "आवाज मला पहिल्यापासून येत होता. त्या चौकीवाल्यानंही सांगितलं. पण म्हटलं, बाबांनी मोजलंय. म्हणजे माझेच कान चुकत असणार."

मापसाहेबांनी बोलायला तोंड उघडले. त्यांच्या मनात एक वाक्य तयार होत होते, ज्यात 'संदर्भ पृष्ठभाग' आणि 'स्थूल जाडी' असे शब्द होते. खिळेवाल्याने नजर दुसरीकडे वळवली. त्या माणसाच्या सभ्यतेनेच ते वाक्य कोसळले.

"माझं माप चुकलं," मापसाहेब म्हणाले. "मी पाठीचा पत्रा धरून मोजलं. आणि तू निघायच्या आधी मला ते कळलं होतं. फोनवर होतो मी. सांगता आलं असतं. सगळे ऐकत होते, म्हणून सांगितलं नाही."

मुलगी त्यांच्याकडे पाहत राहिली. पहिले दोन अपराध तिच्या चेहऱ्यावरून ढगाच्या सावलीसारखे सरकून गेले, तिसरा थांबला.

"पावणेतीन झालेत," ती म्हणाली. "मला खाली सोडेल का कोणी?"

खिळेवाल्याने टेम्पोचे दार उघडले होतेच. मुलगी बसली, तिने गाल पुसला आणि ती मागे न पाहता गेली.

उरले मापसाहेब, आणि तीन वळणांचा उतार. त्यांनी गाडी मातीतून ओढून काढली, इंजिन बंद ठेवून पहिल्या गिअरात टाकली आणि क्लच सोडत, आवळत, बैलाला मागे खेचावे तसे तिला आवरत खाली चालू लागले. येणारेजाणारे थांबून विचारत.

"काय झालं हो, पेट्रोल संपलं?"

"नाही. ब्रेक संपले."

"अरेरे. कळलं नाही का आधी?"

"कळलं होतं. मी चुकीचं मोजलं."

तिसऱ्या खेपेला हे वाक्य सोपे झाले. पाचव्या खेपेला त्यांनी ते एका सायकलवाल्याला, त्याने काही विचारलेले नसताना सांगितले.

उताराच्या तळाशी पुलाजवळ एका मिस्त्रीचे दुकान होते. त्याने दोन मिनिटांत, चाक न उतरवता, दोन्ही पॅड काढून फरशीवर ठेवले. बाहेरच्यावर थराची राखेसारखी एक पुसट रेघ उरली होती. आतल्यावर काहीच नव्हते. नुसते लोखंड, आरशासारखे चकाकणारे.

"आतला पाहिला होतात का?"

"नाही."

"सगळे बाहेरचाच बघतात. आतला आधी जातो." मिस्त्रीने डिस्कवरून अंगठ्याचे नख फिरवले, नख दोन ठिकाणी अडखळले. "चरे पडलेत, पण डिस्क वाचली थोडक्यात. हे बघा, नव्या पॅडवर मधोमध ही खाच असते. खाच दिसतेय तोवर चालवा. पुसली गेली की बदला. मोजायबिजायला काही लागत नाही. टॉर्च मारायचा आणि बघायचं."

मापसाहेबांनी खाच पाहिली. मग बायकोला फोन केला आणि सगळे सांगितले, क्रमाने, काही न वगळता. फोनवरचा तो क्षणही.

"तिला फार लागलं नाही ना?"

"कोपर खरचटलंय."

"बरं. बाकीचं घरी आल्यावर."

'बाकीचं' किती असेल याचा अंदाज मापसाहेबांनी केला नाही.

साडेचारला मुलगी पुलावरून चालत आली.

"कशी झाली?" मापसाहेबांनी विचारले.

"आठवड्यात कळवतो म्हणाले. कोपराला काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, मोजमापातली चूक." ती क्षणभर थांबली. "म्हणाले, इथं असल्या चुका चालणार नाहीत."

मिस्त्री हसला. मापसाहेब हसले नाहीत, पण मुलीच्या ओठाचा एक कोपरा हलला, आणि तेवढ्यावर त्यांनी धीर केला.

"आता ब्रेक अगदी—"

मुलीने ते ऐकलेच नाही असे नव्हे. तिने ते ऐकले, आणि वाक्य पुरे होण्याआधी मिस्त्रीकडे वळून विचारले, "काका, ब्रेक ठीक आहेत ना?"

आजवर तिने कधी असे केले नव्हते. वडील शेजारी उभे असताना दुसऱ्या कोणाला विचारले नव्हते. पाणी किती उकळले, पाऊल किती नंबरचे, चंद्र किती दूर, सगळे त्यांनाच विचारत ती मोठी झाली होती. मापसाहेबांनी रुमाल काढला आणि हातांवरचा काळा चिखल पुसू लागले. तो निघत नव्हता.

"ठीक आहेत, ताई," मिस्त्री म्हणाला. "मी पुलापर्यंत चालवून पाहिलेत. पण दोन-तीन दिवस एकदम दाबू नका. नवा पॅड पहिल्याच दिवशी पुरता धरत नाही. डिस्कशी त्याची बैठक बसावी लागते. सावकाश घ्या, धरेल."

मुलीने हेल्मेट चढवले, गाडीवर बसली, लिव्हर दोनदा दाबून पाहिले आणि इंजिन सुरू केले. मग समोरच पाहत म्हणाली, "बसा, बाबा."

मापसाहेब मागे बसले. ब्रेक त्यांनी तपासला नाही. त्यांनी फक्त दोन्ही पाय जमिनीवरून उचलून वर घेतले.